पाणी प्यायलेली होडी

एकदा एका खाडीच्या मुखाशी एक वृद्ध सुतार राहत होता. तो होड्या बांधत असे. त्या काठाला लागणाऱ्या बहुतेक होड्या त्याच्याच हाताखालून गेलेल्या. सारा गाव त्याला आजोबा म्हणे. होडीवर ज्याचा शब्द चालतो तो तांडेल सहसा कुणाला मोठं म्हणत नाही, पण तोही आजोबाच म्हणे.

आजोबांचा एक शिष्य होता, झिलू. झिलूच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या देवळात ढोल वाजवण्याचं काम होतं. पावसाळा सरून दर्या निवला, की ज्या दिवशी गावच्या होड्या पहिल्यांदा बाहेर पडत, त्या दिवशी झिलूच्या बापाने पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत, उभं राहून ढोल वाजवायचा, अशी रीत होती. ढोल वाजल्याशिवाय होडी हलत नसे. आणि होड्या गेल्या की ढोलवाल्याने घरी परतायचं, हीही रीतच होती.

झिलू लहानपणी बापाशेजारी छोटा ढोल घेऊन उभा राही. शिडं दिसेनाशी झाली की बाप म्हणे, "चल." पोराचे पाय हलत नसत.

एकदा त्याने विचारलं, "बाबा, ते कुठे जातात?"

"मासे मारायला."

"त्याच्या पुढे काय आहे?"

"पाणी."

"आणि पाण्याच्या पुढे?"

बापाने ढोल खांद्याला अडकवला. म्हणाला, "आपल्याला काय करायचंय? आपण वाजवायचं."

आपलं स्वप्न ओळखावं कसं, असं पुष्कळ लोक विचारतात. मला वाटतं, जिथून परतताना पाय जड होतात, तिथे ते बहुधा असतं. झिलूचं त्या पुळणीवर होतं. ते त्याला फार लवकर कळलं. कळल्यावर काय करायचं, हे कळायला मात्र बराच काळ गेला.

मोठा झाल्यावर तो आजोबांकडे आला आणि म्हणाला, "मला होडी बांधायला शिकवा. स्वतःची बांधायची आहे. तीच घेऊन बाहेर जाणार."

"बाप काय म्हणतो?"

"म्हणतो, आपल्या घरात कुणी खारं पाणी गुडघ्यावर येऊ दिलेलं नाही."

आजोबांनी त्याच्या हातात करवत दिली.

झिलूचा हात चांगला होता. इतरांच्या होड्या बांधता बांधता त्याने परसातल्या वठलेल्या फणसाच्या फळ्या काढल्या आणि स्वतःची होडी उभी केली. अशी देखणी होडी त्या काठाने पाहिली नव्हती. फळीला फळी अशी बसली होती, की मधून नख जाणार नाही. येणारा-जाणारा तिच्या अंगावरून हात फिरवूनच पुढे जाई.

पण होडी पाण्यात जाईना.

कारण असं होतं. नवी होडी पहिल्या दिवशी गळते. कोणाचीही असो, थोडं पाणी घेतेच. मग काठावरची माणसं गंमत करतात, मालक हसत हसत पाणी उपसतो आणि गोष्ट विसरली जाते. झिलूला मात्र वाटे, आपलं कुणी विसरणार नाही. तो रोज ऐकत होताच. वासू तांडेल जाता-येता विचारी, "काय रे ढोलक्या, होडी कधी सोडतोस? का तिच्यावर कातडं चढवून तीच वाजवणार?" आणि बाकीचे फिदीफिदी हसत.

म्हणून झिलूने मनाशी ठरवलं होतं. आपली होडी पहिल्या दिवशीही एक थेंब घेणार नाही.

तो सांध्यांत कापूस आणि राळ ठोकून भरी. उन्हाळा येई, लाकूड सुके, नवी फट पडे. मग तो आणखी कापूस भरी. पुढच्या उन्हाळ्यात शेजारची फळी उलायची. होड्या निघण्याचा दिवस आला की म्हणे, "या वर्षी नको. अजून एक सांधा राहिला." आणि त्या दिवशी तो बापाशेजारी उभा राहून दुसऱ्यांच्या होड्यांसाठी ढोल वाजवी. अशी किती वर्षं गेली, त्यानेही मोजली नाहीत. त्याच्या कानांजवळचे केस पांढरे झाले.

आजोबा पाहत होते. बोलत नव्हते. शिष्याने विचारल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, अशी त्यांची सवय होती. आणि झिलू विचारत नव्हता, कारण उत्तर काय येईल याचं त्याला भय होतं.

एका वर्षी होड्या निघायला थोडे दिवस उरले असताना शहरातून एक व्यापारी आला. त्याने ती होडी पाहिली आणि तो खुळावलाच.

"ही पाण्यात घालणार? छे, छे! एवढं सुंदर काम कुजवायचं? माझ्या बंगल्यापुढे हिरवळ आहे, तिथे ठेवतो. दोन्ही बाजूंना चाफा लावतो. पाहुणे आले की आधी हीच बघतील. कोणी बांधली, तुझं नावही लिहून ठेवू."

झिलूचा बाप तिथेच होता. त्याचा चेहरा किती दिवसांनी उजळला. "देऊन टाक," तो मुलाला म्हणाला. "चांगल्या घरी पडेल. तुझ्या कामाचं चीज होईल. आणि मग देवळात ये. माझे खांदे आता दुखतात रे."

झिलूने खाली मान घातली. बापाचे खांदे खरंच दुखत होते. आणि खरं सांगायचं तर त्याला क्षणभर सुटल्यासारखंही वाटलं. होडीची स्तुती होईल, ती कधी गळणार नाही, कुणी हसणार नाही. तो म्हणाला, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो होडीकडे आला आणि जागीच थिजला. आजोबा होडीखाली उताणे झोपून पटाशीने सांध्यांतला कापूस उकरून काढत होते. त्याने वर्षानुवर्षं ठोकून भरलेला कापूस वाळूत ढिगाने पडला होता.

"आजोबा! काय करताय हे?"

"धर," आजोबा म्हणाले, "ती बाजू राहिलीय."

"माझी सगळी मेहनत..."

"तीच काढतोय."

सांधे मोकळे झाले. जेमतेम एकेक धागा त्यांनी आत ठेवला. मग त्यांनी हाक मारून काठावरचे गडी गोळा केले. ओहोटी होती. होडी ओंडक्यांवरून ढकलत खाली नेली, दोर खुंटाला बांधला. आजोबांनी होडीत दगड रचले आणि ते मागे सरून वाळूत बसले.

भरती आली. पाणी चारी बाजूंनी चिळकांड्या उडवत होडीत शिरलं. झिलूची ती देखणी होडी हळूहळू खाली बसली आणि पाण्याखाली गेली. वर फक्त नाळेचं, पुढच्या उंच भागाचं, टोक राहिलं.

सारा गाव जमला होता. वासू तांडेल पोट धरून हसत होता. "ढोलक्याने विहीर बांधली रे! आत पाणी, बाहेर पाणी!" व्यापाऱ्याने कपाळावर हात मारला. बाप घराकडे वळला.

झिलूच्या डोळ्यांत पाणी आलं. तो आजोबांवर ओरडला, "का केलंत? ज्या हसण्याला मी जन्मभर भ्यालो, तेच माझ्या डोक्यावर ओतलंत!"

आता त्याने विचारलं होतं. आजोबा उठले. आधी तांडेलाकडे वळले.

"वासू, तू ज्या होडीवर जातोस, ती तुझ्या आज्याची. तिचा जुना तळ फार दिवस उन्हात राहून उलला होता, तेव्हा याच खुंटाला ती मी बुडवून ठेवली होती. तू तेव्हा आईच्या कडेवर होतास आणि होडी गेली म्हणून रडत होतास. घरी जाऊन आईला विचार."

वासूचं हसू ओसरलं. गड्यांतला एक म्हातारा म्हणाला, "खरं आहे. माझीही बुडवली होती. विसरलोच होतो."

"विसरतात सगळे," आजोबा म्हणाले. "दुसऱ्याची बुडताना पाहिली, की मग तर नक्कीच विसरतात."

मग ते शिष्याकडे वळून सावकाश बोलले. "पोरा, लाकूड कोरडं राहिलं की आक्रसतं. तू फटी बुजवत होतास आणि होडी काठावर ठेवून नव्या फटी पाडत होतास. असा भरगच्च कापूस ठोकून ती पाण्यात गेली असती, तर लाकडाला फुगायला जागा न मिळून फळ्याच उखडल्या असत्या. होडीचा सांधा कापूस बंद करत नाही. पाणी बंद करतं. ज्या पाण्याला तू भितोस, ते तिला आधी पोटभर पिऊ दे. ती फुगेल, फळी फळीला घट्ट धरेल. मग तेच पाणी तिला उचलेल. काठावर बसून न गळणारी होडी आजवर कोणी बांधलेली नाही. मलाही येत नाही."

"आणि हे लोक?"

"त्यांचं हसणंही पाणीच. पिऊ दे."

झिलूने एकदा त्या नाळेच्या टोकाकडे पाहिलं. मग व्यापाऱ्याजवळ जाऊन म्हणाला, "शेठ, चाफा लावा. होडी मिळणार नाही."

पुढचे दिवस तो काठावरून हलला नाही. येणारे हसत, तो ऐकून घेई. पहिल्या दिवशी कान जळले. नंतर कमी जळले. एक दिवस वासूने "विहीर कशी आहे?" म्हणून विचारलं, तेव्हा झिलू म्हणाला, "गोड पाणी लागलंय, घागर घेऊन ये." वासूलाच हसू फुटलं.

मग एका ओहोटीला आजोबांनी मान हलवली. दगड काढले, पाणी उपसलं. भरती चढली. होडी उचलली गेली, डुलली. झिलूने वाकून तळावरून हात फिरवला. दोन-चार जागी लाकूड पाझरत होतं. बाकी फळ्या दातांसारख्या एकमेकींत आवळल्या होत्या.

"थोडी गळतेय," तो म्हणाला.

"उपसायचं भांडं घे," आजोबा म्हणाले, "आणि नीघ."

तो होड्या निघण्याचाच दिवस होता. पुळणीवर बाप ढोल घेऊन उभा होता. ढोल वाजला, एकेक होडी गेली. सगळ्यांत शेवटी झिलू राहिला. रीतीप्रमाणे आता ढोल थांबला होता. ढोलवाल्याच्या घरातल्या माणसासाठी ढोल वाजवायची रीतच नव्हती. तशी वेळ कधी आली नव्हती.

बाप म्हणाला, "ढोल वाजल्याशिवाय होडी हलत नाही. ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे, बाबा. इतकी वर्षं मीच वाजवला."

"मग?"

"मग आज न वाजताच हलेल." झिलूने बापाच्या पायांना हात लावला. म्हणाला, "संध्याकाळी येईन. खांद्यांना तेल लावून देईन." आणि त्याने खुंटाचा दोर सोडून होडीला खांदा दिला.

होडी खोल पाण्याकडे सरकली. झिलू आत चढला, शीड उभं केलं. त्याने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याला दिसलं असतं, की म्हाताऱ्या बापाची बोटं कातड्यावर आपोआप हलू लागली होती. सवयीने की आणखी कशाने, ते मला सांगता येणार नाही. आधी अगदी हळू. मग मोठ्याने. मग इतक्या मोठ्याने, की दुखऱ्या खांद्यांचं त्याला भानच उरलं नाही.

होडी खाडीच्या मुखातून बाहेर पडली, तरी बाप घरी वळला नाही. आजोबा त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले.

"पुढे काय आहे हो, आजोबा?" बापाने विचारलं.

"पाणी."

"आणि पाण्याच्या पुढे?"

आजोबा म्हणाले, "संध्याकाळी त्यालाच विचारू."

आपणही आपली होडी अजून बुजवत बसला असाल, तर एक सांधा उघडाच राहू द्या आणि तिला पाण्याकडे ढकला. उपसायचं भांडं बरोबर असलं की पुरे.