रिकाम्या फुलाची खूण

मधमाश्या बोलत होत्या, तेव्हाची गोष्ट. फूल रिकामं केलं की त्यावर आपल्या पायाचा वास ठेवायचा, म्हणजे मागून येणारीची फेरी वाया जात नाही, अशी त्यांची रीत होती.

पिंगी नावाच्या माशीला सगळ्यांपेक्षा जास्त मध आणायची हौस. एकदा तिळाच्या शेतात पोट भरल्यावर उरलेली फुलं आपल्यालाच मिळावीत म्हणून तिने त्या भरल्या फुलांवरही खुणा करून ठेवल्या. बहिणी वास घेऊन माघारी वळल्या. पण पिंगी पुन्हा शेतात आली, तेव्हा आपली खोटी खूण कुठली आणि बहिणींची खरी कुठली, हे तिलाच कळेना. तीही रिकामीच परतली. पोळ्यात पिल्लं भुकेने वळवळत होती.

पिंगीला राहवेना. "ताई, भरल्या फुलांवर मीच खुणा केल्या," ती थोरलीजवळ रडू लागली. "सगळं शेत वाया घालवलं गं मी!"

"मोठी शहाणी!" थोरली म्हणाली. "अगं, तो वास तासाभरात उडतो. फुलात पुन्हा रस भरतो ना, मग खूण कायमची कशी ठेवायची? जा, आता गेला असेल."

पिंगी सुसाट गेली. शेतात फुलांना फक्त फुलांचाच वास येत होता. पोट भरलं, तेव्हा पुढचं फूल रसाने काठोकाठ भरलेलं होतं. पिंगीने त्याला पायही लागू दिला नाही. पोळ्याकडे वळता वळताच ती ओरडू लागली, "या गं सगळ्या!"