पायलीला सहा रुपये

एका गावाच्या डोक्यावर एक तांबडा डोंगर होता आणि त्या डोंगराच्या पोटात लोखंडाचा दगड होता. असा दगड सापडला, की डोंगराला मालक मिळायला कितीसा वेळ लागतो? शहरातून एक खाणमालक आला, त्याने एक अजस्र यंत्र आणलं आणि डोंगर पोखरायला सुरुवात केली.

हे यंत्र गावात एकालाच चालवता यायचं. सगळे त्याला यंत्रवाला म्हणत. उंच बैठकीवर बसून तो दोन दांडे ओढायचा, की यंत्राचा जबडा एका घासात बैलगाडीभर दगड उचलायचा. पगार महिन्याला ऐंशी रुपये. घरात बायको आणि दोन मुलं. भिंतीला भिंत लावून एक घोंगड्या विणणारा राहायचा. दोघांची मुलं दुपारी कुठल्या घरात जेवली, हे त्यांच्या आयांना संध्याकाळी एकमेकींना विचारावं लागायचं, इतका घरोबा.

एक दिवस यंत्रवाला मालकाकडे गेला आणि म्हणाला, "मालक, शहरात यंत्र चालवणाऱ्याला दुप्पट मिळतात. मलाही वाढवून द्या."

मालक म्हणाला, "शहरात महागाई आहे बाबा. तुझ्या गावात ज्वारी दोन रुपये पायली. तुला जास्त पैसे कशाला हवेत?"

यंत्रवाला तरी दारातून हलेना.

"बरं, मी काही अन्यायी माणूस नाही," मालक म्हणाला. (अन्यायी माणसं हे वाक्य फार छान म्हणतात.) "आजपासून तुझा पगार म्हणजे चाळीस पायल्या ज्वारीची किंमत. माझा कारकून तुझ्याबरोबर बाजारात येईल. तू ज्या भावाने पायली घेशील तो भाव लिहून घेईल. गावात महागाई झाली, की तुझा पगार आपोआप वाढेल. झालं समाधान?"

चाळीस पायल्या दोन रुपयांनी ऐंशीच झाले. म्हणजे होते तेवढेच. यंत्रवाला खट्टू होऊन घराकडे निघाला आणि अर्ध्या वाटेत थबकला. आपल्या घरात महिन्याला दहा पायल्या लागतात. पगार मात्र चाळीस पायल्यांचा. ज्वारी महागली तर आपल्याला तोटा दहाचा आणि फायदा चाळिसांचा! घरी पोचेपर्यंत तो शीळ घालायला लागला होता.

गावच्या बाजारात ज्वारी विकणारी एकच म्हातारी होती. पुढच्या बाजारी यंत्रवाला तिच्यापुढे जाऊन बसला. मागे कारकून वही उघडून उभा.

"आजी, पायली कशी?"

"दोन रुपये."

"चार देतो."

म्हातारीला वाटलं, आपल्याला ऐकू कमी आलं. "अरे लेकरा, दोन म्हटलं मी."

"मी चार म्हणतोय."

"बरं, अडीच दे. त्याच्यावर मला नको, पाप लागेल."

"चारच्या खाली एक पैसा देणार नाही."

आख्ख्या बाजारात हशा पिकला. गिऱ्हाईक भाव चढवतंय आणि विकणारी उतरवतेय, असली घासाघीस कोणी पाहिली नव्हती. शेवटी म्हातारीने चार रुपये घेतले आणि कारकुनाने चार लिहिले. त्या महिन्यात यंत्रवाल्याला एकशेसाठ रुपये पगार मिळाला.

पण पुढच्या बाजारी म्हातारीने सगळ्यांनाच चार सांगितले. लोक कुरकुरले, तर म्हणाली, "सगळ्यांसमोर चारला गेली की. मला वेडी समजता काय?" तिला ज्वारी आणून देणाऱ्या व्यापाऱ्यानेही ते ऐकलं होतं आणि तोही तिला चढ्या भावानेच देऊ लागला. आता म्हातारीला उतरायचं म्हटलं तरी उतरता येईना.

घोंगड्या विणणाऱ्याची घोंगडी दूरच्या बाजारात सहा रुपयांना जायची. पूर्वी एका घोंगडीत तीन पायल्या ज्वारी यायची, आता दीडच यायला लागली. दूरच्या बाजाराला काय ठाऊक, की या गावात यंत्रवाल्याचा पगार वाढलाय?

यंत्रवाल्याच्या बायकोने एकदा सांगितलं, "शेजारी दोन दिवस चूल पेटली नाही."

"अरेरे," यंत्रवाला म्हणाला. "रोज चार भाकरी देत जा त्यांना." आणि त्याला मनापासून वाटलं, की आपण फार भले आहोत. अशा भल्या माणसांचा मला फार राग येतो.

एका सकाळी घोंगड्या विणणारा त्याच्या दारात आला. "दादा, भाकरी देतोस, उपकार आहेत. पण भाकरी नको. येत्या बाजारी फक्त एकदा तीन म्हण. तुझ्या तोंडून भाव उतरला, तर गावाचा उतरेल. तुझे तीनला एकशेवीस होतात, तरी ऐंशीपेक्षा जास्तच की."

यंत्रवाल्याला लाज वाटली. "म्हणतो," तो म्हणाला. "शब्द दिला."

बाजाराच्या दिवशी घोंगड्या विणणारा रिकामी पिशवी घेऊन त्याच्या मागे उभा राहिला. म्हातारी आशेने बघत होती, कारण तिच्याकडेही गिऱ्हाईक कमी झालं होतं. कारकुनाने टाक शाईत बुडवला. यंत्रवाल्याने त्या सकाळीच नव्या घरासाठी कौलं सांगितली होती. एकशेवीसमध्ये ती बसत नव्हती.

"बोल लेकरा," म्हातारी म्हणाली.

"सहा," यंत्रवाला म्हणाला.

मागे वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही. घोंगड्या विणणाऱ्याने पिशवीची घडी केली आणि तो निघून गेला.

तो सरळ खाणीवर गेला आणि त्याने मालकाकडे काम मागितलं. मालकाने विचारलं, "तुला किती लागतील?"

"पोटापुरते. घरात महिन्याला दहा पायल्या खातो आम्ही."

दहा पायल्या सहा रुपयांनी साठ रुपये. मालक हसला. हे सगळं कुठे चाललंय ते मालकाला ठाऊक नव्हतं, असं समजू नका. वहीतला भाव दर बाजारी तो स्वतः वाचायचा.

"याला हाताखाली घे आणि शिकव," त्याने यंत्रवाल्याला सांगितलं. यंत्रवाल्याने शिकवलं. अगदी मन लावून शिकवलं, कारण त्याला वाटलं, दिलेला शब्द मोडल्याची भरपाई होतेय. विणणाऱ्याच्या हाताला सवय होतीच, तीन महिन्यांत दोन्ही दांडे त्याच्या हातात बसले.

चौथ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी बैठकीवर घोंगड्या विणणारा बसलेला होता. यंत्रवाला धावत मालकाकडे गेला.

"मालक, माझा करार?"

"करार जसाच्या तसा आहे," मालक म्हणाला. "यंत्र चालवशील तेव्हा चाळीस पायल्या. फक्त यंत्र आता तो चालवतोय."

यंत्रवाला संतापून यंत्राखाली गेला. "शेजारी असून माझ्या पोटावर पाय दिलास?"

वरून उत्तर आलं, "दादा, तू भाव सांगितलास. मी नुसती भूक सांगितली." आणि त्याने दांडा ओढला. त्याला राग नव्हता, आनंदही नव्हता. थांबलं तर पगार कापला जायचा.

दोन महिन्यांत यंत्रवाल्याने कौलं विकली, मग बायकोचे दागिने. ज्वारी सहावरच राहिली. शेवटी तो पुन्हा मालकाच्या दारात उभा राहिला.

"मालक, मलाही नुसतं पोटापुरतं द्या. दगड उचलीन, गाड्या ढकलीन. दहा पायल्यांचे पैसे द्या, बास."

मालकाने त्याला खिडकीपाशी नेलं. बाहेर रांग होती. कुंभार होता, सुतार होता, शाळेचे गुरुजीसुद्धा होते.

"त्यातला पहिला आठ पायल्या म्हणाला," मालक म्हणाला. "दुसरा सहा. शेवटच्याचं अजून ऐकलेलं नाही. तू त्याच्या मागे उभा राहा."

यंत्रवाला बाहेर आला आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

तात्पर्य, मुलांनो, एवढंच: शेजाऱ्याची भाकरी महाग करून जो आपला पगार वाढवतो, त्याला तीच भाकरी एक दिवस त्याच भावाने घ्यावी लागते. आणि मोठ्यांसाठी आणखी थोडं: ज्याने ही युक्ती शिकवली, तो त्या दिवशीही पोटभर जेवलेला असतो.