शिसवाचे शेवटचे झाड

राज्याचे नावही आता कुणाला आठवत नाही, इतकी जुनी ही गोष्ट. त्या राज्यात एक म्हातारा वीणा घडवायचा. पूर्वी वीणा घडवणारे पुष्कळ होते. पण वीणा शिसवाचीच, असा त्यांचा नियम. शिसवाची झाडे संपत गेली, तसे वीणा घडवणाऱ्यांचे एकेक घर गाव सोडून गेले. म्हातारा एकटा उरला.

एके दिवशी राजाचा निरोप आला, "उत्सवाला नवी वीणा हवी. जमत नसेल, तर दरबारातला मान सोड."

म्हातारा कुऱ्हाड घेऊन निघाला. डोंगरापलीकडे शिसवाचे एकच झाड उरले होते. लाकूड पारखायची वीणा घडवणाऱ्यांची जुनी रीत होती. वाकवलेल्या बोटाने खोडावर टकटक करायची आणि कान लावायचा. त्याने टकटक केली.

"कोण?" झाड चटकन म्हणाले. "किती वर्षांनी कुणी आलं! बस ना जरा."

म्हाताऱ्याने कुऱ्हाड पाठीमागे लपवली. "मी तुला न्यायला आलोय."

"वाटलंच मला. आईला असंच कुणीतरी नेलं. मग शेजारी गेले. आता वारा आला, तरी फक्त माझीच पानं वाजतात. एक विचारू? तुम्ही दुसऱ्या झाडांवर कधी टकटक केलीत का?"

"नाही. आमच्यात कुणीच केली नाही."

"मग त्यांच्यात सूर नाही, हे कसं कळलं?"

म्हाताऱ्याने कुऱ्हाड खांद्यावर टाकली. तो तसाच परत फिरला. वाटेतल्या प्रत्येक झाडावर टकटक करत गेला. आंबा मुकाच राहिला. साग थोडासा बोलला. गावाजवळ वादळात पडलेला एक फणस दोन उन्हाळे वाळत होता. त्याच्या खोडातून असा घुमारा आला, की म्हातारा तिथेच खाली बसला.

उत्सवाच्या दिवशी दरबारी वादकाने वीणा उलटसुलट करून पाहिली. "फणसाची? आजोबा, वाजवायची की गरे काढायचे?"

सगळा दरबार हसला. म्हाताऱ्याच्या बाजूने बोलणारे तिथे कुणीच नव्हते.

"बुवा, एकदा तार छेडून तर बघा," तो हळूच म्हणाला.

वादकाने पहिली तार हसत हसत छेडली. दुसरी छेडताना तो हसत नव्हता. मग किती तरी वेळ त्याने वीणा खाली ठेवलीच नाही.

राजाने म्हाताऱ्याचा मान राखला आणि त्याच्याकडून झाडाची हकिकत ऐकून शिसवाला कुऱ्हाड लावायची नाही, असे फर्मान काढले.

पुढच्या वर्षी त्या झाडाच्या शेंगा पिकून गळल्या. खाली तीन रोपे उगवली. झाड रोज त्यांच्याशी बोलायचे. रोपे फार लहान होती, त्यांना उत्तर देता येत नसे. पण ती ऐकत असत.

तात्पर्य : जुन्या सवयीपायी शेवटचे उरलेले संपवण्याआधी, ज्याच्याकडे आजवर पाहिले नाही त्याच्याकडे वळून पाहावे.