पाहुण्याच्या पानातला धूर

सोनगडचा राजदूत भूपालसिंह मोरनगरच्या दरबारात आला. रीतीप्रमाणे त्यानं गूळपाणी घेतलं, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "आमच्या देशात अन्न रांधायचा धूर तुमच्या निम्माही होत नाही. तुमच्या गुऱ्हाळांनी आणि पोह्यांच्या भट्ट्यांनी आभाळ काळं केलंय. त्या बंद करा, नाहीतर आमची फौज येऊन करील."

राजाला घाम फुटला, कारण त्या भट्ट्यांवर अर्धी प्रजा जगत होती. राणी इंदुमती मात्र एवढंच म्हणाली, "पाहुणे, आधी जेवून घ्या."

पंगत बसली. सगळ्यांच्या पानात गुळाची पोळी आली, दूताच्या पानात कोरडी भाकरी.

"हा कसला पाहुणचार?" दूत तडकला.

"तुमच्या धुराच्या हिशेबात बसतं तेवढंच वाढलंय," राणी म्हणाली. "सोनगडात भाकऱ्या तेवढ्या भाजतात. गूळ, पोहे सगळं इथून जातं. मग धूर भट्टीवाल्याचा की खाणाऱ्याचा, ते आता तुम्हीच ठरवा. पोळ्या गार होताहेत."

दूतानं शेजारच्या पोळीवर विरघळणारं तूप पाहिलं.

"खाणाऱ्याचा," तो पुटपुटला.

राणीनं वाढप्याला हाक मारली. "पाहुण्यांना पोळी वाढ. आणि कारभाऱ्यांना सांग, तिचा धूर सोनगडच्या नावावर मांडा."