चोचीच्या मापाची फट

एका रानात धनेश पक्ष्यांची वस्ती होती. अंडी घालायच्या दिवसांत मादी ढोलीत कोंडून घेई. ढोलीला लाकडी दार बसे, कडा मातीने लिंपल्या जात, आणि आत तिची पिसं गळून पडत. पिल्लं उडू लागेपर्यंत ते दार कुणी काढत नसे. दाराला एक उभी फट असे. तिच्यातून नर चोच आत घाली आणि आतलीचं पोट भरे. फट मोठी झाली तर साप शिरे, लहान झाली तर आतली उपाशी राहे. म्हणून हे काम वाटेल त्याला दिलं जात नसे.

काम म्हाताऱ्या सुतारपक्ष्याकडे होतं. सागाच्या पानावर जांभळाच्या रसाने तो नकाशा काढी. नकाशा कसला, चार रेघा, आणि फटीशेजारी एक शब्द: ‘जरा’. बाकीचं त्याची चोच लाकडावर बघून घेई.

पुढे वस्ती वाढली आणि दारं पुरेनात. भुंगे म्हणाले, आम्ही एका सकाळीत रानभराची दारं कापून देतो, फक्त मापं कोळ्याच्या जाळ्यावर मांडून द्या. आम्हाला धाग्यांची भाषा तेवढी कळते. सुतारपक्ष्याची मान हल्ली दुखत असे. त्याला हे बरंच वाटलं. पहिलं दार एका नव्या जोडप्याचं ठरलं.

कोळ्याने पान जाळ्यावर पसरलं. “काका, रेघेच्या आतून कापायचं की बाहेरून?”

“रेघेवरून. आणखी कुठून?”

“रेघेला जाडी आहे ना. तेवढं लाकूड फटीत जाणार की दारात राहणार?”

सुतारपक्षी वाकून रेघेकडे बघू लागला. जन्म दारं करण्यात गेला होता, पण रेघ नक्की कुणाची, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. तो “आतून” म्हणाला, मग “नाही, बाहेरून” म्हणाला, आणि मग आपण एवढी वर्षं करत तरी काय होतो, असं त्याला वाटू लागलं.

“आणि हे ‘जरा’ म्हणजे किती धागे?”

“ते लाकडावर कळतं रे.”

“इथे लाकूड नाही, काका.” कोळी नम्र होता, राग यावा इतका नम्र.

सुतारपक्ष्याने डोळे मिटून हवेतच चोच मारून पाहिली. मान एकदा डावीकडे गेली, एकदा उजवीकडे. हवेत काहीच कळेना. शेवटी त्याने नव्या नवऱ्यालाच बोलावलं आणि त्याची चोच जाळ्यावर ठेवली. कोळ्याने धागे मोजले. आता वादाला जागाच उरली नाही. सुतारपक्ष्याने आपल्याच चोचीने तो शब्द खोडला. त्याला हलकं वाटलं, आणि काहीतरी घरी विसरून आल्यासारखंही.

दार सुरेख झालं. इतक्या गुळगुळीत कडा त्याला कधीच जमल्या नव्हत्या. माप पक्कं होतं, मग लावून बघायची गरज काय? मादी आत गेली, माती वाळली, पिसं गळली.

नवरा पिकलेलं उंबर घेऊन आला. उंबर फटीच्या दोन्ही कडांना अडलं. त्याने मान तिरकी केली, ढकलून पाहिलं, पुन्हा अडलं. सुतारपक्षी धावत आला. त्याने जाळं पाहिलं, धागे मोजले, दार पाहिलं. सगळं जुळत होतं. चूकच नव्हती, तर दुरुस्त काय करायचं? त्याने चोच उगारली खरी, पण कुठल्या बाजूने आणि किती, हे आता त्याला धाग्यांशिवाय ठरवता येईना.

भुंगे रागावले. “आमच्या कापणीत खोट काढता? चोच घालून बघा ना!”

नवऱ्याने उंबर फांदीवर ठेवलं आणि मिटलेली चोच फटीत घातली. ती मुळापर्यंत अलगद आत गेली. कडेला मुंगी शिरेल एवढीही जागा राहिली नाही. भुंगे खूश होऊन गुणगुणले.

आतून तिने अधीरपणे विचारलं, “काय आणलंत?”

त्याने उत्तर द्यायला चोच उघडून पाहिली. ती उघडेना.