गिनतीची जोडी

“...मग घेऊ का ते पैसे, का फेकू त्यांच्याच तोंडावर?”

इलाही तांबोळ्याने हे तिसऱ्यांदा विचारलं. टेकडीवरच्या तकियातले फकीर दस्तगीरबाबा अंगण झाडत होते. झाडतच राहिले.

कुणाच्या तरी खुनापायी इलाही चौदा वर्षं तुरुंगात होता. मग कोर्ट म्हणालं, हा तो नव्हेच. तोवर आई गेली होती, बायकोने दुसरं घर केलं होतं. उद्या सरकारी भरपाईच्या कागदावर त्याला सही करायची होती.

“घेतले तर म्हणतील, फिटलं.”

“आणि नाही घेतले तर?”

“तर कुणीतरी दारात येऊन म्हणेल, आमचं चुकलं. तोवर मी हलायचा नाही.”

“कोण येईल?”

“...कुणीतरी.”

आपल्या हट्टाचा त्याला मोठा अभिमान होता. तेवढंच उरलं होतं बिचाऱ्याजवळ.

दिवस मावळला. खाली गावात देवळातली घंटा वाजली, आणि बोलता बोलता इलाही उठला. भिंतीशी जाऊन उकिडवा बसला. मान खाली, हात गुडघ्यांवर. थोडा डावीकडे सरकून बसला होता.

बाबांनी झाडू ठेवला. “हे काय रे?”

इलाही शरमला, पण उठला नाही. “गिनती. बराकीत घंटा झाली की जोडीनं बसायचं. शिपाई जोड्या मोजत जायचा. सुटलो तरी रोज बसतो. बसल्याशिवाय झोप येत नाही.”

“तुझ्या जोडीला कोण?”

“नामा वडर होता. तो आतच आहे...”

बाबा आले. उजवीकडच्या मोकळ्या जागेत उकिडवे बसले. मान खाली, हात गुडघ्यांवर.

इलाहीला भडभडून आलं. सुटल्यापासून त्याच्या शेजारी कुणी बसलंच नव्हतं.

बराच वेळ गेला. अंगणात अंधार झाला. बाबांचे पाय थरथरायला लागले, पण म्हातारा हलेना.

“उठा, बाबा.”

“गिनती कुठं झाली?”

“इथं कोण येतंय मोजायला? कुणी यायचं नाही...”

बोलला, आणि आपलेच शब्द त्याला ऐकू आले.

मग अगदी हळू म्हणाला, “आणि उद्याचं, बाबा? सहीचं?”

“ते उद्या,” बाबा म्हणाले. “आधी तू ऊठ, आणि मला हात दे. मला एकट्याला उठवत नाही.”