खेमाच्या शिंगाला उघडणारा दरवाजा

दसऱ्याला पालखी कावळीगडाच्या दुसऱ्या दरवाजापर्यंत येते ती बेंजो, कीबोर्ड आणि दोन मोठ्या स्पीकरच्या दणदणाटात. दरवाजा मात्र बंद असतो. मग सगळी वाद्यं थांबतात, आतून एकच शब्द येतो, "कोण?" आणि बाहेरून रेड्याच्या शिंगाचा घोगरा, फाटका सूर उठतो. तो ऐकूनच अडसर निघतो. गड बघायला आलेल्यांना यामागची हकिकत धोंडू नाईक सांगतात. दरवाजामागे बसायचा मान त्यांच्या घराण्याचा.

फार पूर्वी गडाच्या पायथ्याला चौकी होती, आणि तिथे खेमा शिंगाड्या राहत असे. वर जाणारा माणूस आपला असला की खेमा शिंग फुंके आणि वरचे दोन्ही दरवाजे उघडत. पावसाळ्यात गडावर असं धुकं दाटे की हातभर लांबचं दिसत नसे. तेव्हा डोळ्यांचं काम कानांनीच करावं लागे.

किल्लेदार हैबतरावांनी एका वर्षी फिरंग्यांच्या वखारीतून पाच पितळी बिगुल आणवले. पाचही एका साच्यातले. पारख झाली तेव्हा बिगुलाचा सूर धुकं चिरत पार बालेकिल्ल्यापर्यंत पोचला. शिंगाचा आवाज मध्येच कुठेतरी विरला. खेमाला शिंगातून धड सूर काढायला सात पावसाळे लागले होते. त्याच्या धाकट्या भावाला, म्हाळूला, बिगुल तीन दिवसांत वाजवता आला. हैबतरावांनी खेमाला बिगुल कसा वाटला ते विचारलं, तेव्हा तो खोटं बोलला नाही.

"आवाज लख्ख आहे, सरकार," तो म्हणाला. "पण कुणाचा आहे ते कळत नाही."

हैबतराव हसले. चौकी म्हाळूकडे गेली आणि खेमाच्या हाती गवत कापायचा विळा आला. भावाचा त्याला राग नव्हता. पण शिंग काही त्याच्याने घरी ठेववेना. गवताला जातानाही तो ते पाठीला बांधून जाई.

भाद्रपदातली गोष्ट म्हणे. गनिमाची माणसं चार दिवस झाडीत दबा धरून बिगुलाची खूण ऐकत होती. पाचव्या दिवशी, न्याहारीच्या सुमाराला, बिगुल वाजला. उतारावर गवत कापणाऱ्या खेमाला वाटलं, म्हाळू आज झकास फुंकतोय. थोड्या वेळानं भाकरी घेऊन तो चौकीवर गेला. म्हाळू उंबऱ्यावर पालथा पडला होता. गळा मणक्यापर्यंत कापलेला. चौकीतले बाकीचे तिघे पहारेकरी आत चुलीपाशी पडले होते, आणि बिगुल नाहीसा झाला होता.

तेवढ्यात वरून किंकाळ्या आल्या. पहिला दरवाजा खुणेवर उघडला होता आणि तिथली तीस माणसं तलवारीला हात घालण्याआधीच कापली गेली होती. आता गनीम धुक्याआड दोन दरवाजांमधल्या अरुंद वाटेत दाटला होता, आणि तोच बिगुल पुन्हा वाजत होता: आपला माणूस, उघडा.

खेमा भावाला उचलायलाही थांबला नाही. गवताच्या उभ्या उतारावरून हातापायांनी चढत तो वाटेवरच्या कातळावर पोचला आणि त्यानं धोक्याची खूण फुंकली.

दुसऱ्या दरवाजामागे जिवा नाईक अडसर धरून उभा होता. बिगुल म्हणत होता उघड, शिंग म्हणत होतं उघडू नको. आपली माणसं बाहेर मरताहेत अशा समजुतीनं हैबतरावांनी तलवार उपसून त्याच्या मानेवर ठेवली. जिवाच्या मानेवरून रक्ताची धार लागली, तरी त्यानं हात काढला नाही.

"बिगुल कुणीही फुंकेल, सरकार. ते शिंग खेमाचंच आहे."

हैबतरावांनी पुन्हा कान दिला. मग त्यांनी तलवार खाली घेतली आणि तटावरून धोंडे लोटायचा हुकूम दिला. वाट एवढी चिंचोळी, की एकही धोंडा वाया गेला नाही. डोकी फुटली, पाय चेचले, मागे वळणारे आपल्याच माणसांच्या पायाखाली आले.

काहीजण कातळावर चढले. पहिल्या घावात खेमाचा डावा हात कोपरापासून तुटला. दुसऱ्यानं ओठ फाटले आणि पुढचे दात गेले. तरी शिंग वाजत होतं; दर फुंकीला रक्त आत जाई आणि आवाज आणखी घोगरा होई. तो थांबला तेव्हा खाली लढायला कुणी उरलं नव्हतं.

हैबतरावांनी खेमाला आणि म्हाळूला एकाच सरणावर ठेवलं. बिगुल त्यांनी फेकून दिले नाहीत. फौज गोळा करायला त्यांच्यासारखं वाद्य नाही, हे ते शेवटपर्यंत म्हणत. पण दरवाजा मात्र पुन्हा कधी बिगुलाला उघडला नाही.

आजही नवा शिंगाड्या आला की त्याचा आवाज आतल्या माणसाच्या कानात बसावा लागतो. दोन वर्षांमागे जुना शिंगाड्या वारला आणि त्याची मुलगी कोंडाबाई शिंग घेऊन उभी राहिली. धोंडू नाईकांनी आतून विचारलं, तिनं फुंकलं, दरवाजा हलला नाही. खाली लोक उन्हात ताटकळले, बेंजोवाले चिडले. नाईक पुन्हा विचारत राहिले, ती फुंकत राहिली. नवव्या वेळी त्यांनी अडसर काढला आणि तिला म्हणाले, "आता अंधारातसुद्धा ओळखीन, पोरी."